पहिली यागी अँटेना बसवताय? आधी एवढं बघा

हॅम रेडिओचा परवाना हातात आला, मनापासून अभिनंदन! आता उत्साहात दहा-बारा एलिमेंटची (म्हणजे कांड्यांची) यागी, म्हणजे एका दिशेला झोत टाकणारी अँटेना, घेऊ नका. तीन एलिमेंटची पुरे. तिचा झोत रुंद असतो, दिशा दहा-वीस अंश चुकली तरी बोलणं तुटत नाही.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी ती आडवी बसवणं. एफएमवर, रिपीटरवर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर) कांड्या उभ्याच हव्यात. आणि लोखंडी पाइप (मास्ट) कांड्यांच्या मधून नेऊ नका, रिफ्लेक्टरच्या, म्हणजे सगळ्यात मागच्या कांडीच्या, मागे धरा. मी पहिल्यांदा मधोमध बांधली होती, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून ताकद किती परत येते त्याचं माप, 1 च्या जवळ तितकं चांगलं) 3 च्या खाली येईना. पाइप मागे सरकवला, काटा 1.3 वर आला.

पैसे केबलवर खर्च करा. 145 मेगाहर्ट्झला 30 मीटर आरजी-58 ही बारीक केबल निम्म्याहून जास्त ताकद खाते, आरजी-213 ही जाड केबल बरीच कमी.

वळवाच्या दिवसांत आपल्या मराठवाड्यात दरवर्षी विजेने माणसं, जनावरं दगावतात. म्हणून:
- मास्टला अर्थिंग कराच.
- आभाळ भरून आलं की, गडगडायच्या आधीच, केबल सेटवरून काढून घराबाहेर ठेवा.
- मास्ट आडवा पडला तरी विजेच्या तारांना लागणार नाही इतका दूर उभा करा.
- गच्चीवर एकट्याने चढू नका.

रोटर (अँटेना फिरवणारी मोटर), स्टॅकिंग (एकाहून जास्त अँटेना एकत्र जोडणं) वगैरे पुढच्या वर्षी बोलू.