अर्थिंगची तार पाईपला पिळून बांधली तर चालते का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या घरासाठी अडीच मीटरचा, ४० एमएमचा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) पाईप जमिनीत घातलाय. त्याला आठ नंबरची तार चार वेढे देऊन पिळून बांधली आहे. वायरमन आता खड्डा काँक्रीटने बंद करायचा म्हणतोय, आणि ‘अर्थिंग आणखी पक्कं व्हावं’ म्हणून मेन बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ जोडून देणार आहे.

मी परवानाधारक ठेकेदार आहे, २२ वर्षं हेच काम करतोय. पाईप बरोबर आहे. अर्थिंगचं आपलं मानक म्हणजे आयएस ३०४३. त्यात जीआय पाईपचा आतला व्यास किमान ३८ एमएम आणि लांबी किमान अडीच मीटर सांगितली आहे. बाकीच्या तिन्ही गोष्टी मात्र थांबवा.

गेल्या उन्हाळ्यात एका घरून बोलावणं आलं. घरघंटीला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. मालक म्हणाले, अर्थिंगला आठच वर्षं झालीत. फरशी फोडून खड्डा उघडला. वेढे जागच्या जागी दिसत होते, पण स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावताच तार खारी बिस्किटासारखी तुटली. तार आणि पाईप यांच्यामध्ये पांढरट-तांबूस भुकटीचा थर होता, धातू धातूला टेकतच नव्हता. खड्ड्यात मीठ असतं, ओल असते, आणि सगळ्यात आधी सडतो तो सांधा. पाईप अजून ठणठणीत होता.

म्हणून पाईपला क्लँप बसवा किंवा वरच्या टोकाला वेल्डिंग केलेली पट्टी घ्या, आणि जोड नट-बोल्ट व स्प्रिंग वॉशर लावून आवळा. वेल्डिंगने तिथला जस्ताचा थर जळतो, त्यामुळे त्यावर झिंक पेंट किंवा डांबराचा हात हवाच. तांब्याची तार थेट जीआयवर आवळू नका. ओलीत दोन धातू एकमेकांना खातात, आणि त्यात जस्त आधी जातं. तांबंच न्यायचं असेल तर कल्हई केलेला लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड-तुकडा) वापरा आणि तो जोड जमिनीच्या वर, कोरड्या जागी ठेवा.

तारेची जाडीही कमी पडते. गंजापासून संरक्षण नसलेला अर्थिंगचा वाहक जमिनीतून जात असेल, तर तांब्याचा किमान २५ चौरस एमएम आणि लोखंडाचा किमान ५० हवा. आठ नंबरची तार भरते जेमतेम १३. त्याऐवजी २५ बाय ३ ची जीआय पट्टी घ्या, ती ७५ भरते.

काँक्रीट तर अजिबात नको. विटांची चौकट बांधा, वर उचलता येईल असं झाकण ठेवा. जोड हाताने उघडता आला पाहिजे, कारण खड्ड्याचं माप, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या विजेला तो किती रोध करतो ते, घ्यायचं तर पट्टी सोडवावी लागते. न सोडवता घेतलेलं माप एकट्या तुमच्या खड्ड्याचं नसतं, जोडलेल्या सगळ्या जाळ्याचं असतं.

फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून ‘बघा, लख्ख पेटला’ असं दाखवतील. तो पुरावा धरू नका. १०० वॅटच्या पेटत्या बल्बचा रोधच सुमारे ५३० ओहम असतो. खड्डा ५० ओहमचा, म्हणजे भिकार असला, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. अर्थ टेस्टरनेच मोजून घ्या.

आता न्यूट्रल. समजा हा जोड करून दिला आणि खांबावर तुमचा न्यूट्रल तुटला. घरात १००० वॅटचा गीझर चालू आहे. त्याचा प्रवाह न्यूट्रलने परत जाऊ शकत नाही, म्हणून तो जोडातून अर्थच्या तारेत शिरतो आणि खड्ड्याकडे धावतो. खड्डा ५० ओहमचा असेल तर त्याच अर्थच्या तारेला जोडलेल्या फ्रिजच्या दारावर सुमारे ११० व्होल्ट उभे राहतात. न्यूट्रल आणि पृथ्वी यांचा जोड कुठे असावा हे वीज कंपनीने ठरवायचं, आपण घरात करायचा नाही. वायरमनने एखादा अमेरिकन व्हिडिओ दाखवला तर गोंधळू नका. तिथे मेन पॅनेलमध्ये हा जोड नियमानेच करावा लागतो, पण तिथली पुरवठ्याची रचना वेगळी आहे. आणि आपल्याकडे आरसीसीबीच्या (वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) पुढे कुणी तो केला, तर आरसीसीबी सतत पडत राहील आणि शेवटी कुणीतरी ती काढूनच टाकेल. हे मी पाहिलंय, आणि मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

कारण खड्डा एकटा तुम्हाला वाचवत नाही. अगदी चांगला, १० ओहमचा खड्डा धरा, आणि फेज यंत्राच्या अंगाला टेकली असं समजा: २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर. ३२ अँपिअरची एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) एवढ्याने पडतच नाही, आणि यंत्राच्या अंगात वीज खेळत राहते. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी मात्र त्याच क्षणी पडते. ती बसवा आणि महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबा.

खड्डा भिंतीपासून दीड मीटर लांब आहे ना, तेवढं बघून घ्या. दुसरा खड्डा करायचा झाला तर दोघांत पाईपच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे पाच मीटर अंतर ठेवा. आणि आत्ता पावसात आलेल्या आकड्यावर विसंबू नका. काळ्या मातीत ओल असेपर्यंत माप छान येतं, मुरमात तेही नाही. मे महिन्यात झाकण उचलून पुन्हा मोजा, आणि तो आकडा तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.