अबोल मुलगी वॉर्ड इन्चार्ज होऊ शकते का?

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे वॉर्ड इन्चार्ज व्हायची इच्छा आहे. पण मी अबोल आहे, कोणावर ओरडता येत नाही. मैत्रिणी म्हणतात, "तुझं कोण ऐकणार?" नेतृत्वगुणांसाठी आत्ताच मॅनेजमेंटचा कोर्स करू का?

उत्तर : कोर्सचं आत्ता राहू दे. इन्चार्जचं कोण ऐकतं हे मैत्रिणींना दिसतं. तिला कोण येऊन काय सांगतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ॲमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. टीम चांगली तर चुका कमी, असा त्यांचा अंदाज. आकडे निघाले उलटे. चांगल्या टीममध्येच चुकांची नोंद जास्त! उलगडा असा झाला, की तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. नर्स मॅनेजरसमोर "माझ्याकडून चुकलं" म्हणायची धास्ती नव्हती.

समज, रात्रपाळीत ज्युनिअरकडून भलतंच इंजेक्शन गेलं. चांगली इन्चार्ज आधी विचारते, "पेशंट आता कसा आहे?" डॉक्टरांना कळवते. मग ट्रे बघते, तर सारख्या दिसणाऱ्या दोन अँप्युल शेजारीशेजारी. त्या ती वेगळ्या करते. ओरडणाऱ्या इन्चार्जला ही चूक बऱ्याचदा कळतच नाही, आणि ट्रे तसाच राहतो.

तेव्हा ज्युनिअरशी तुझा शांतपणा चालेल, किंबहुना कामाला येईल. डॉक्टरांशी बोलताना मात्र गुळमुळीतपणा चालणार नाही. "सर, सात नंबरचे पेशंट जरा बरे दिसत नाहीत" म्हटलंस, तर पलीकडून "सकाळी बघू" येणारच. त्याऐवजी हे ऐक : "सर, बेड सातची तब्येत बिघडतेय. काल पोटाचं ऑपरेशन झालंय. चार तासांत लघवी 60 मिली, बीपी 90/60, पल्स 118. आतून ब्लीडिंग होत असावं असं वाटतं. आपण आत्ता येऊन बघा." आत्ता काय झालंय, मागचं काय, तुझा अंदाज काय, हवंय काय. याच क्रमाला एसबार म्हणतात. यात आवाज चढवायची गरजच पडत नाही.

वरच्यांकडे स्टाफ मागतानाही आकडेच बोलतात. लिंडा एकेन यांच्या 2002 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात नर्समागे सर्जरीचा एक पेशंट वाढला, की 30 दिवसांतल्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. अशी माहिती हाताशी असलेली इन्चार्ज सहसा रिकाम्या हाताने परत येत नाही.

ड्युटी लावणं हेही नेतृत्वच, आणि त्यावरून स्टाफ तुला लगेच जोखतो. दोन नवख्या मुली एकाच रात्री लावल्या, लाडकीला दर रविवारी सुट्टी दिली, की मग कितीही गोड बोल.

तीन-चार वर्षं बेडसाइडला काढ. बजेट, मनुष्यबळाचं नियोजन यासाठी कोर्स त्यानंतर जरूर कर; तेव्हा त्यातलं काय उपयोगाचं ते तुझं तुलाच कळेल. पुढच्या पोस्टिंगला, पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या पाळीला सांगतात तेव्हा, सिस्टरांना विचार, "आजचा हँडओव्हर मी देऊ का?" आणि तो देताना कागदात डोकं घालू नकोस.