वाचकांचे प्रश्न : जोडीदाराच्या नावावर मते मिळतात का?

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार उपाध्यक्षपदासाठी ज्याला आपल्याबरोबर उभा करतो, त्याला तिकडे ‘रनिंग मेट’ म्हणतात. या निवडीसंबंधी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : अमेरिकी मतदाराला अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा, असे मत देता येते का?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : नाही. मतपत्रिकेवर दोघांची नावे जोडीने छापलेली असतात आणि त्या दोन नावांसाठी खूण करायची जागा एकच असते. एक आवडला आणि दुसरा नावडला, तरी मत दोघांना मिळून द्यावे लागते. आरंभी ही पद्धत नव्हती. राज्यांच्या वतीने अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींना निर्वाचक म्हणतात. तेव्हा प्रत्येक निर्वाचक दोन मते देत असे आणि पहिला येणारा अध्यक्ष, दुसरा येणारा उपाध्यक्ष होत असे. त्यामुळे १७९६ मध्ये जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी टॉमस जेफरसन यांनाच उपाध्यक्षपद मिळाले. पुढे १८०० मध्ये जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडून पेच निर्माण झाला, म्हणून १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने निर्वाचकांची दोन्ही पदांसाठीची मते वेगळी केली. सामान्य मतदाराचे मत मात्र जोडीलाच असते. आपल्याकडे उपराष्ट्रपतींना संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य स्वतंत्रपणे निवडतात, त्यामुळे जोडीचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न : मोठ्या राज्यातला वजनदार नेता सोबत घेतला की ते राज्य पदरात पडते, असे केनेडी-जॉन्सन जोडीचा दाखला देऊन नेहमी सांगितले जाते. हे कितपत खरे आहे?
– राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपण दिलेला दाखला खरा आहे, परंतु त्यावरून काढला जाणारा नियम खरा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी दाखला पाहू. १९६० मध्ये जॉन केनेडी हे मॅसॅच्युसेट्सचे तरुण, कॅथलिक सिनेटर होते आणि दक्षिणेकडील प्रॉटेस्टंट मतदारांना त्यांच्याविषयी भरवसा वाटत नव्हता. त्यांनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले. १९५२ आणि १९५६ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडे गेलेले टेक्सास या वेळी सुमारे ४६,००० मतांच्या फरकाने केनेडींना मिळाले. मतदानाला चार दिवस उरले असताना, ४ नोव्हेंबरला, डॅलस शहरातील अ‍ॅडॉल्फस हॉटेलात शिरताना जॉन्सन आणि त्यांच्या पत्नी लेडी बर्ड यांना निदर्शकांच्या गर्दीने घेरले होते. गर्दीत बहुतेक उंची पोशाखातल्या सुखवस्तू स्त्रिया होत्या. हातात फलक, तोंडी शिव्याशाप. एरवी दोन मिनिटांत ओलांडता आला असता तो हॉटेलाचा दर्शनी भाग पार करायला त्या दांपत्याला सुमारे अर्धा तास लागला. जॉन्सन यांनी घाई केली नाही. आपल्या राज्यातल्या एका गृहस्थाचा आणि त्याच्या पत्नीचा असा अपमान झालेला टेक्सासच्या अनेक मतदारांना रुचला नाही, असे त्या निवडणुकीच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे.

जॉन्सन यांचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. मात्र थोडा हिशेब करावा. केनेडींना निर्वाचकांची ३०३ मते मिळाली आणि विजयासाठी २६९ पुरेशी होती. टेक्सास जिंकल्यामुळे मिळालेली तिथली २४ मते वजा केली तरी २७९ उरतात. म्हणजे एकट्या टेक्साससाठी जॉन्सन अपरिहार्य होते, असे म्हणता येत नाही. जॉन्सन यांनी उर्वरित दक्षिणेत फिरून जी नाराजी आवरली, तिचे मोल त्याहून अधिक असावे. ते मोजणे मात्र अवघड आहे.

आता त्याच टेक्सासचा दुसरा प्रसंग घ्यावा. १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे मायकेल डुकाकिस यांनी टेक्सासचे सिनेटर लॉइड बेन्ट्सेन यांना निवडले. जोडी तीच, मॅसॅच्युसेट्स आणि टेक्सास. १९६० ची पुनरावृत्ती व्हावी हा हेतू उघड होता. जॉन्सन यांच्या सोयीसाठी पूर्वी केलेल्या कायद्यामुळे टेक्सासमध्ये एकाच वेळी सिनेट आणि उपाध्यक्षपद या दोन्ही निवडणुका लढवता येत होत्या, म्हणून बेन्ट्सेन दोन्हीकडे उभे राहिले. निकाल असा लागला की टेक्सासच्या मतदारांनी त्यांना मोठ्या फरकाने सिनेटवर परत पाठवले आणि त्याच दिवशी अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवार थोरले जॉर्ज बुश यांना मते दिली. बुश स्वतःही टेक्सासचेच म्हणवत असत, ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पण १९७० मध्ये याच बेन्ट्सेन यांनी याच बुश यांना टेक्सासमध्ये सिनेटच्या निवडणुकीत हरवले होते, हीही घ्यायला हवी. लाखो माणसांनी एका दिवशी, एका हाताने, एका माणसाला हवा म्हटले आणि त्याच माणसासाठी दुसरा माणूस स्वीकारायला नकार दिला. आपल्या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही.

पुढची उदाहरणे थोडक्यात सांगतो. २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स असूनही नॉर्थ कॅरोलायना डेमोक्रॅट्सना मिळाले नाही, २०१२ मध्ये पॉल रायन असूनही विस्कॉन्सिन रिपब्लिकनांच्या हाती लागले नाही. क्रिस्तोफर डिव्हाइन आणि काइल कॉप्को या दोन अभ्यासकांनी शंभराहून अधिक वर्षांचे निकाल तपासले तेव्हा घरच्या राज्यात मिळणारा सरासरी फायदा जवळजवळ शून्य निघाला. १९६८ मधील मेन राज्याचे एडमंड मस्की यांच्यासारखे, लहान राज्यात दीर्घकाळ काम केलेले नेते हा अपवाद.

मग ही निवड निरर्थक असते का? मुळीच नाही, आणि येथे मला वाचकांना थोडे थांबवायचे आहे. उमेदवाराने प्रचारात शेकडो आश्वासने दिलेली असतात. परंतु अध्यक्ष म्हणून घ्यावा लागेल तसा निर्णय, स्वतःच्या एकट्याच्या जबाबदारीवर, सर्वांच्या देखत तो घेतो तो प्रथम याच वेळी. मतदार दुसऱ्या नावाकडे पाहून पहिल्या माणसाची पारख करतात. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी घाईगर्दीत सिनेटर टॉमस ईगल्टन यांची निवड केली. नैराश्यासाठी ईगल्टन यांनी रुग्णालयात विजेच्या धक्क्यांचे उपचार घेतले होते, ही माहिती नंतर बाहेर आली. मॅकगव्हर्न यांनी आधी आपला हजार टक्के पाठिंबा जाहीर केला आणि अठराव्या दिवशी त्यांना माघार घ्यायला लावली. एका आजारी माणसाला ज्या रीतीने वागवले गेले ते आज वाचतानाही वाईट वाटते. मतदारांनी मात्र बोट ठेवले ते मॅकगव्हर्न यांच्या धरसोडीवर. ते तसेही मागेच होते, पण नंतर सावरण्याची संधी उरली नाही.

२००८ चे उदाहरण याहून बोलके आहे. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी २९ ऑगस्टला, म्हणजे स्वतःच्या ७२ व्या वाढदिवशी, अलास्काच्या गव्हर्नर सेरा पेलिन यांचे नाव जाहीर केले. पेलिन यांना त्या पदावर दोन वर्षेही झाली नव्हती. सभांना गर्दी लोटली, पक्षाचे कार्यकर्ते पेटून उठले आणि काही दिवस मॅकेन यांचे पारडे वर गेले. पण बराक ओबामा यांना अनुभव नाही, हाच मॅकेन यांचा मुख्य मुद्दा होता आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने बोथट केला. सप्टेंबरच्या मध्यास लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि निवडणुकीचा रोखच बदलला, त्यामुळे पराभवाचे खापर पेलिन यांच्यावर फोडणे अन्यायाचे होईल. तरीही रिपब्लिकन प्रशासनात परराष्ट्रमंत्री राहिलेले कॉलिन पॉवेल यांनी ऑक्टोबरमध्ये ओबामांना पाठिंबा दिला, तेव्हा या निवडीमुळे मॅकेन यांच्या निर्णयशक्तीविषयी शंका वाटते, हे कारणही त्यांनी सांगितले.

प्रश्न : न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी कुटुंबांत २०२० मध्ये बायडेन यांच्या जोडीदार कमला हॅरिस यांच्या वेळी आणि नंतर २०२४ मध्ये ट्रम्प यांचे जोडीदार जे. डी. व्हान्स यांच्या पत्नीमुळेही ‘आपले माणूस’ ही चर्चा रंगली. अशा नात्याने मते फिरतात का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : आनंद होतो, मत क्वचितच फिरते. कमला हॅरिस यांच्या आई श्यामला गोपालन तमिळ, उषा व्हान्स यांचे आईवडील आंध्रातून गेलेले. दोन्ही नावे ऐकून आपल्याला जवळीक वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु भारतीय वंशाच्या मतदारांचा कल २०२० च्या आधीपासूनच डेमोक्रॅटिक पक्षाकडे होता, तेव्हा जी मते मिळायची होती ती बहुतांशी मिळालेलीच होती. १९८४ मध्ये वॉल्टर मॉन्डेल यांनी जेराल्डिन फेरारो यांना उपाध्यक्षपदासाठी निवडले, प्रमुख पक्षाकडून ही उमेदवारी मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री, तरी स्त्रियांची बहुसंख्य मते रोनाल्ड रेगन यांनाच गेली आणि मॉन्डेल ४९ राज्यांत हरले. त्या उमेदवारीने पुढच्या स्त्रियांसाठी वाट उघडली, ही गोष्ट वेगळी आणि फार मोलाची.

आपण मतदार आहात म्हणून एक विनंती करतो. नाव कुठल्या गावचे, याऐवजी हा माणूस उद्या सकाळी अध्यक्ष झाला तर काय, हे आपल्या चर्चेत आधी यावे. आजवर नऊ उपाध्यक्ष अध्यक्षांच्या मृत्यूमुळे किंवा राजीनाम्यामुळे त्या खुर्चीवर बसले आहेत. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रँकलिन रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळत असल्याचे पक्षातील धुरीणांना दिसत होते, म्हणून तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांना बाजूला करून त्यांनी हॅरी ट्रुमन यांचे नाव पुढे आणले. नोव्हेंबरमध्ये मत देणाऱ्या सामान्य माणसाला यातले फारसे ठाऊक नव्हते. त्याने रूझवेल्ट यांना मत दिले. शपथविधीनंतर ८२ व्या दिवशी, १२ एप्रिल १९४५ रोजी, ट्रुमन अध्यक्ष झाले आणि अणुबाँबच्या कामाची सविस्तर माहिती त्यांना त्यानंतर देण्यात आली.