आधी त्यांचा डॉक्टर विचार

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचे तक्ते मिळाले. दूरचित्रवाणी मालिकांतले डॉक्टर लोकांना कसे दिसतात, या तुझ्या प्रबंधासाठी सावंतवाडी आणि दोडामार्गकडच्या गावांतून भर पावसात फिरून तू प्रश्नावल्या भरून आणल्यास, आणि आता विषयच बदलावा की काय असे विचारतेस. मालिकेतला एकच डॉक्टर एका घरात देवासारखा ठरतो आणि शेजारच्या घरात लुबाडणारा, तेव्हा आपली प्रश्नावलीच चुकली असे तुला वाटते. प्रश्नावली चुकली हे खरे, पण तू समजतेस त्या कारणाने नव्हे. उत्तरे एकमेकांना छेद देणारी आली हेच तुझ्या हाती लागलेले घबाड आहे आणि नेमके तेच तू टाकून द्यायला निघाली आहेस.

तुझा चौथा प्रश्न वाचून मी चष्मा काढून ठेवला. ‘मालिकेतील डॉक्टर तुम्हाला खरे वाटतात का? होय, नाही, सांगता येत नाही.’ खरे म्हणजे कोणासारखे? माणूस पडद्यावरच्या डॉक्टरला आपल्या ओळखीच्या डॉक्टरशेजारी उभा करूनच पाहतो. तो ओळखीचा डॉक्टर कोण, हे ठाऊक नसताना ‘होय’ लिहून आणलेस काय आणि ‘नाही’ लिहून आणलेस काय, सारखेच. म्हणून आधी त्यांचा डॉक्टर विचार, मग पडद्यावरचा.

वेंगुर्ल्याजवळच्या एका घरी गणपतीच्या दिवसांत मी मालिका पाहत बसले होते. डॉक्टर शस्त्रक्रियागृहातून बाहेर आला, त्याने तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि मान खाली घालून ‘सॉरी’ म्हणाला. घरातली म्हातारी तिरसटपणे म्हणाली, “ह्या डाक्तरान नाडी पण बघूक नाय, आणि म्हणता कसो सॉरी!” तिचा डॉक्टर ओटीवर बसून आधी नाडी पाहणारा, मग चहा घेता घेता काल पोटात काय गेले ते विचारणारा. मुंबईहून आलेला तिचा मुलगा नुकताच सासऱ्यांच्या आजारपणातून बाहेर पडला होता. त्याला या मालिकेत पैसे भरायची खिडकी कुठेच दिसत नाही, म्हणून सगळाच प्रकार खोटा वाटत होता. सून आशा सेविका. तिचे म्हणणे एवढेच, की ती सिस्टर मघापासून नुसता ट्रे घेऊन का उभी आहे. दृश्य एकच होते. या तिघांसमोर तुझा चौथा प्रश्न ठेवला असतास, तर तिन्ही रकाने ‘नाही’ने भरले असते आणि तू आनंदाने शंभर टक्के लिहून मोकळी झाली असतीस!

दूरचित्रवाणी लोकांची दिशाभूल करते, याला आधार म्हणून तू १९९६ सालचा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला निबंध दिला आहेस. निबंध उत्तमच आहे. काही अमेरिकी कार्यक्रमांत हृदय बंद पडलेल्यांपैकी ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचतात आणि ६७ टक्के बरे होऊन घरी जातीलसे दिसते, हे त्यात मोजून दाखवले आहे. पण मोजले आहे ते पडद्यावर काय दिसले ते. पाहणाऱ्याने त्यातले काय घेतले हा प्रश्न तिथे उरतोच, आणि तुझा विषय तर नेमका तोच आहे. त्यापेक्षा तामार लिब्स आणि एलिहू कॅट्झ या माध्यम अभ्यासकांचे काम वाच. त्यांनी इस्रायलमधल्या वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना घरोघरी, त्यांच्याच मित्रमंडळींत बसवून ‘डॅलस’ ही अमेरिकी मालिका दाखवली आणि मग बोलते केले. अरब आणि मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंनी कोण कोणाचा काय लागतो ते धरून गोष्ट सांगितली, तर रशियातून आलेल्यांनी यामागे निर्मात्यांना काय गळी उतरवायचे आहे ते शोधले. ती मालिका डॉक्टरांची नव्हती, पण तुला हवी ती पद्धत तिथे आहे.

आता तुझ्याच कोकणाकडे पाहा. दुखणे हाताबाहेर गेले की सावंतवाडीचा माणूस गोव्यात बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठतो, तर उत्तर रत्नागिरीतला बहुधा मुंबईची वाट धरतो. मालिकेत मोठे रुग्णालय दिसले की दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळ्या इमारती उभ्या राहतात. शिवाय १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली; जिथे सर्वांनाच सेवा फुकट मिळते ती ठिकाणे मात्र वगळली. म्हणजे खासगी रुग्णालयात पैसे भरून आलेला प्रेक्षक ग्राहक म्हणून मालिका पाहतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेतून आलेला याचक म्हणून. हा फरक कोणत्याही लेखकाने लिहिलेला नाही. तो समाजाने आधीच घडवून ठेवला आहे.

‘देवमाणूस’चेच घे. झी मराठीवर २०२० मध्ये ती मालिका सुरू झाली, त्यात गावाचा विश्वास संपादन केलेला डॉक्टर बोगस आणि खुनी निघतो. गाव इतके भोळे कसे, असे तुझ्या शहरी मैत्रिणी विचारतात. तुझ्या आजीने कधी कोणा डॉक्टरची पदवी वाचली होती का? रात्री-अपरात्री मोटारसायकलवरून येतो आणि हाताला गुण आहे, एवढे पुरत असे. ज्या गावाला डॉक्टरच दुर्मीळ, तिथल्या प्रेक्षकाला ती गोष्ट भयकथा वाटायच्या आधी ओळखीची वाटते. महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध देऊन माणसे वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनातला डॉक्टर आणखी निराळा. म्हणून पुन्हा सांगते, आधी त्यांचा डॉक्टर विचार.

हे इतक्या हट्टाने का लिहिते, तेही सांगते. माझा प्रबंध याच मुद्द्यावर अडला. नमुना केवढा, टक्केवारी कुठे, असे मला विचारले गेले आणि माणसांच्या हकिकती कापून रकान्यांत बसवायला मी नकार दिला. बाई अडून बसल्या, असे लोक म्हणाले. बसले! नावामागे पदवी लागली नाही याची खंत आजही आहे, नाही म्हणत नाही. पण त्या वह्या उघडल्या की प्रत्येक घरातला डॉक्टर मला अजून दिसतो, आणि ज्यांनी रकाने भरले त्यांना आज त्यातले एक माणूस आठवत असेल तर मी माझे शब्द मागे घेईन. तू मात्र प्रबंध पूर्ण कर. तक्ते हवे असतील त्यांना तक्ते दे, फक्त ते हकिकतींच्या मागून येऊ देत.

विषय बदलू नकोस. चौथा प्रश्न काढ आणि त्याच घरांत पुन्हा जा. शेवटचे गंभीर आजारपण कोणाचे, कुठे नेले, पैसे कोणी उभे केले, कौल लावला होता का, डॉक्टर काय बोलला, हे आधी विचार. मालिका लागेपर्यंत थांब आणि त्यांच्यासोबत बसून पाहा. चाकरमानी आले असतील तर उत्तमच, एका घरात दोन तऱ्हेचे प्रेक्षक मिळतील. पहिल्या पाच घरांच्या नोंदी झाल्या की मला पाठव, न सुधारता, त्यांच्याच मालवणीत.

तुझी,
बाई