फुकट तपासणी ठेवली तरी बायका येत नाहीत

प्रश्न : ताई, आम्ही मानखुर्दला मंडळातर्फे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी ठेवली, फुकट होती, घरोघरी जाऊन सांगितलं, तरी मोजक्याच बायका आल्या. बाकीच्या म्हणतात, मला काही होत नाहीये, कशाला उगाच? यांना जिवाची पर्वाच नाही का?

उत्तर : पर्वा नाही असं नका हो म्हणू. तपासणी किती वाजता होती? सकाळी अकराला असेल तर धुणीभांडी करणारी बाई तेव्हा तिसऱ्या घरात असते, खाडा झाला की पैसे कट. त्यात तपासायला पुरुष डॉक्टर, पडदा धड नाही, कोण झोपेल तिथे टेबलावर? आणि काही निघालंच तर सासरी काय म्हणतील, नवरा संशय घेईल, पैसे कुठून आणायचे, ही भीती कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून मग "मला काही होत नाहीये".

2022 मध्ये या कॅन्सरने जगात साधारण साडेतीन लाख बायका गेल्या, त्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या शंभरातल्या जेमतेम दोघींची ही तपासणी कधीतरी झाली होती. पॅप टेस्ट, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी काढून काचेवर तपासतात ती, तिला लॅब लागते, स्लाइड वाचणारा माणूस लागतो, रिपोर्टला परत यावं लागतं, आणि तिथेच बायका गळतात.

पण आपल्याच मुंबईत टाटा हॉस्पिटलने 1998 पासून वस्त्यांमध्ये वेगळ्या पद्धतीने करून दाखवलंय. डॉक्टर नाही, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका, त्या पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ अॅसिटिक अॅसिड लावायच्या, मिनिटभर थांबायचं, तिथे पांढरा डाग उठला तर बाईला पुढे पाठवायच्या. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले!

तेव्हा पुढच्या वेळी दुपारी तीननंतर किंवा रविवारी ठेवा, तपासायला बाईच असू दे, पाळी चालू असेल तिला दुसरी तारीख द्या. डाग निघाला तर कुठे पाठवायचं, सोबत कोण जाणार, हे आधीच ठरवा, नाहीतर नुसती भीती घालून घरी पाठवल्यासारखं होतं. आणि संबंधानंतर रक्त जातंय, पाळी बंद झाल्यावर परत अंगावर जातंय असं कोणी सांगितलं तर तिला शिबिराची वाट बघायला लावू नका, त्याच आठवड्यात हॉस्पिटलला न्या.