साधना, अक्षरे आणि कार्यालयातील टिपणे

प्रश्न : मी सरकारी कार्यालयात नोकरी करते आणि रात्री कथा लिहिते. झेन या ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध पंथाविषयी वाचल्यापासून ध्यानाला बसावेसे वाटते, पण वेळ उरत नाही. लेखन आणि काम यांनाच साधना मानले तर चालेल का?

उत्तर : हाच प्रश्न दोगेन या तरुण जपानी भिक्षूला उलट बाजूने पडला होता. १२२३ साली तो चीनला पोहोचला आणि बंदरात जहाजावरच मुक्कामाला असताना साठीचा एक भिक्षू जपानी अळंबी विकत घ्यायला तेथे आला. सम्राट अशोकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगरावरील मठाचा तो मुख्य आचारी होता. या वयात ध्यान आणि ग्रंथाभ्यास सोडून स्वयंपाकाचे कष्ट कशासाठी, असे दोगेनने विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला की, साधना म्हणजे काय आणि अक्षरे म्हणजे काय, हे तुला अजून उमगलेले नाही. पुढे पुन्हा भेट झाल्यावर अक्षरांविषयी त्याने ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ एवढेच सांगितले आणि साधनेविषयी सांगितले की, या जगात काहीही लपलेले नाही.

लिहिणाऱ्याने हा प्रसंग मनात जपावा असा आहे, कारण गूढ अर्थाच्या शोधात आपण समोरच्या वाक्यातील साध्या शब्दाकडेच पाहायचे विसरतो. दोगेनने १२३७ साली मठातील आचाऱ्यांसाठी सूचना लिहिल्या. तांदूळ धुताना खड्यांवर आणि तांदळावर सारखेच लक्ष असावे, पालेभाजी साधी म्हणून हेळसांड करू नये आणि उंची जिन्नस मिळाले म्हणून हुरळून जाऊ नये, असे त्याने त्यांत बजावले आहे. आपल्या बाबतीत याचा अर्थ मला असा दिसतो, की कथेतील वाक्यावर जितके लक्ष देता तितकेच कार्यालयातील टिपणावर द्यावे, कारण त्यातील एका संदिग्ध शब्दामुळे एखाद्या अर्जदाराला पुन्हा खेटे घालावे लागू शकतात.

मात्र काम नुसते साधना मानल्याने साधना होत नाही. स्वयंपाकाचे मोल इतके मानणाऱ्या दोगेनने ध्यानाची बैठक कधीही सोडली नाही. उलट तिलाच त्याने आपल्या शिकवणीच्या केंद्रस्थानी ठेवले. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी दहा मिनिटे त्याच्या पंथाच्या रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून स्वस्थ बसावे आणि त्या वेळेत कथेचा विचार आला तर तो टिपून ठेवायला उठू नये.