त्या "असो"चं काय करायचं?

पत्र आलंय पुण्याहून. मोठं आहे, थोडक्यात देते: "माई, माझे दीर दिवसभर हिंदी न्यूज चॅनेल लावून बसतात आणि तिथे जे ओरडतील तेच खरं मानतात. मी कधीपासून फॅक्ट-चेकच्या लिंका पाठवतेय, ते उघडतही नाहीत, उलट मलाच म्हणतात तू विकलेला मीडिया बघतेस. 2020 मधे त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर तो फळवाल्याचा थुंकीवाला व्हिडिओ टाकला होता, तेव्हापासून आमचे फळवाले चाचा येत नाहीत, असो. यंदा गणपतीलाही आम्ही एकमेकांकडे गेलो नाही. त्यांना खरं कसं पटवू? – वैतागलेली वहिनी"

अगं वहिनी, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या "असो"पाशीच अडकले. दिरांवर दोन पानं आणि चाचांवर एक ओळ, तीही असो म्हणून मिटवलेली.

तो व्हिडिओ मलाही आला होता. म्हातारा फळवाला बोटाला थुंकी लावून गाडीवर फळं रचतोय. मध्य प्रदेशातल्या रायसेनचा होता तो, आणि फेब्रुवारीतला, म्हणजे लॉकडाऊनच्या सव्वा महिना आधीचा. पण फिरला कधी, तर मार्चअखेरीस दिल्लीत निजामुद्दीनच्या मरकजची, म्हणजे तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या मेळाव्याची, बातमी फुटली आणि चॅनेलवर "कोरोना जिहाद" सुरू झालं तेव्हा. एरवी लोकांनी शी, काय घाण सवय म्हणून सोडून दिलं असतं. आणि हे बघ, चॅनेल दरवेळी धडधडीत खोटंच सांगतं असंही नाही, मरकजमुळे केसेस वाढल्या हे खरंच होतं, 18 एप्रिलला आरोग्य मंत्रालयाने देशातल्या 14,378 पैकी 4,291 केसेस त्याच्याशी जोडल्या होत्या, पण तो आकडा सकाळ-संध्याकाळ इतका बडवला की दिल्लीतल्या एका कार्यक्रमाचा हिशोब गल्लीतल्या केळीवाल्याकडून वसूल व्हायला लागला. मग 21 ऑगस्टला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे एफआयआर रद्द केले, मीडियात यांच्याविरुद्ध मोठा प्रोपगंडा झाला, यांना बळीचा बकरा केलं असं निकालातच लिहिलं. तो निकाल कुणी एप्रिलइतक्या जोरात ऐकवला? तुझ्या दिरांच्या डोक्यात एप्रिल ठाण मांडून बसलाय, ऑगस्ट त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

पण चाचांच्या बाबतीत तूसुद्धा एप्रिलमधेच आहेस गं! तुला तर माहीत होतं ना व्हिडिओ कुठला ते? मग त्या दिवशी ग्रुपवर काय लिहिलंस ते पत्रात का नाहीये? लॉकडाऊन उठल्यावर दूधवाला आला असेल, पेपरवाला आला असेल, कामवाल्या मावशी आल्या असतील, आणि इतकी वर्षं ज्यांच्याकडून पपई घेतलीस ते चाचा आले नाहीत तर तुमच्या एवढ्या मोठ्या सोसायटीतून एकानेही खाली जाऊन विचारलं नाही. दिरांनी व्हिडिओ टाकला, बरोबर, पण गेट तुम्ही सगळ्यांनी मिळून बंद ठेवलंत. मला याचा राग येतोय आणि तो मी लपवणार नाही, कारण तुझा सगळा वाद खरं काय याचा आहे, आणि त्या खोट्यापायी धंदा ज्याचा गेला त्याला तू इतक्या वर्षांत एकदाही भेटली नाहीस.

दिरांना आता एकही लिंक पाठवू नकोस. चाचांना शोध. जवळच्या मंडईत विचार, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना विचार, त्यांना माहीत असतं कोण आता कुठे गाडी लावतं ते. सापडले तर आधी सॉरी म्हण, लांबण लावू नकोस, आणि ते म्हणाले येतो, तर त्याच ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिही की चाचा उद्यापासून परत येतायत, वॉचमनला मी सांगितलंय, व्हिडिओ रायसेनचा होता आणि मी तेव्हा गप्प बसले ही माझी चूक झाली. एवढंच लिही. दिरांचं नाव नको, टोमणा नको, कोर्टाचा निकालही नको. कुणी वाद घालायला आलं तर उत्तर देत बसू नकोस, सकाळी पिशवी घेऊन गेटवर उभी राहा.

आणि चाचा नाही म्हणाले तर त्यांचं ऐकून घे. ते आता जिथे गाडी लावतात तिथे जाऊन फळं घेत जा, लांब पडलं तरी.

– माई